रिकाम्या गाडीमागचा आवाज

आम्ही जैन. सकाळी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसते. सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. असत्य बोलायचं नाही, हाही त्यातलाच एक नियम. त्यामुळे पुढे जे लिहितेय त्यात माझ्या पदरचं काही नाही.

सुरत. अडाजणमधली आमची वासुपूज्य अपार्टमेंट. मागच्या वर्षीची संवत्सरी, म्हणजे पर्युषणाच्या आठ दिवसांतला शेवटचा. दुपार कलत आलेली.

आणि जागा... आमच्या इमारतीखालचं पार्किंग.

आमच्याकडे गाड्या जास्त, जागा कमी. त्यामुळे एकीच्या पुढे दुसरी आडवी लावायची. जो आडवी लावेल त्याने गाडी न्यूट्रलवर ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही. ज्याला निघायचं असेल तो ती ढकलतो आणि आपली काढतो. सगळ्या सुरतेत असंच चालतं. त्यावरून थट्टाही चालायची.

"सुमतिभाई, ही तुमची गाडी आहे की सासरी आलेला जावई? हलायचं नावच घेत नाही!"

"अरे, दोन हात लाव की! तेवढंच जेवण पचेल तुझं!"

माझ्या धाकट्या जावेची, फाल्गुनीची मुलगी जिनाली. आमची जीनू. तिला या खेळाचं भारी वेड. कोणी गाडी मागे घ्यायला लागलं की ही धावत जाऊन मागे उभी राहायची. वॉचमनसारखी डिकीवर थाप मारायची. धप् धप्.

"येऊ द्या... येऊ द्या... बस!"

सगळे हसायचे. पोर गाडीच्या मागे उभी आहे, हे कोणाच्याच मनात आलं नाही.

त्या संवत्सरीच्या सुमारे दोन वर्षं आधी, एका सकाळी माझे दीर विरलभाई, जीनूचे पप्पा, दुकानाच्या घाईत होते. सुमतिभाईंची गाडी आडवी होती. विरलभाईंनी गाडीला पाठ लावली आणि पायांनी रेटा दिला. सगळे तसंच ढकलतात.

रॅम्पजवळ जमिनीला उतार आहे. गाडीने वेग घेतला.

पलीकडून आवाज आला, "येऊ द्या... येऊ द्या..."

मग, "बस!"

मग पुन्हा, "पप्पा, बस!"

विरलभाईंनी ऐकलं. पण आत माणूसच नव्हता. रिकाम्या गाडीचा ब्रेक कोण दाबणार?

जीनूच्या मागे भिंत होती.

पोलीस आले, अपघात म्हणून नोंद झाली. सोसायटीने प्रत्येक चाकाखाली विटा ठेवायचा नियम केला. दिवाळीपर्यंत पाळला. मग विटा कोपऱ्यात गेल्या आणि हँडब्रेक पुन्हा सुटले.

फाल्गुनी नवऱ्याशी बोलायची थांबली.

एका घरात राहायची, त्यांचं ताट वाढायची, पण शब्द माझ्यामार्फत. "भाभी, त्यांना सांगा, डाळ गरम आहे." ते समोरच बसलेले असायचे.

आणि दुपारी ती खाली जाऊन बसायला लागली. पार्किंगच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.

"भाभी, ती आहे तिथे."

"वेडी आहेस का? चल वर."

"तुम्ही बसा ना माझ्यापाशी. जरा वेळ."

बसले. काही नव्हतं. हवा खेचणारा पंखा तेवढा घरघरत होता. मग शेजारच्या रमणिककाकांची गाडी मागे येऊ लागली...

धप्... धप्.

गाडीमागे कोणी नव्हतं.

मी नवकार मंत्र म्हणत तिचा हात धरला. माझा हात गार पडला होता. तिचा ऊबदार होता. ती हसत होती.

पहिली संवत्सरी आली. त्या दिवशी आम्ही वैऱ्यालाही "मिच्छामि दुक्कडम" म्हणतो, क्षमा मागतो आणि देतो. फाल्गुनी वॉचमनलाही म्हणाली. विरलभाई हात जोडून समोर उभे होते. ती त्यांच्या बाजूने निघून स्वयंपाकघरात गेली.

मी एकदा हळूच विषय काढला. तेव्हा म्हणाली, "माझ्या रागाला धरूनच ती उभी आहे, भाभी. मी यांना क्षमा केली की ती जाईल. मग मी कोणापाशी बसू?"



मागच्या पर्युषणात तिने अठ्ठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. आणि त्याच आठवड्यात विरलभाईंनी बॅग भरली.

"चेन्नईला मामाच्या दुकानात जातो, भाभी. याही संवत्सरीला ती बोलली नाही, तर निघालो. तिला माझं तोंड तरी बघायला नको."

संवत्सरीला इमारत रिकामी झाली. सगळे पायी प्रार्थनेला उपाश्रयात गेले. फाल्गुनीला चालवेना, म्हणून मी तिला गाडीने नेणार होते. विरलभाई तिला जिना उतरवायला आले. तिने भिंत धरली, त्यांचा हात नाही.

खाली पाहिलं तर आमच्या गाडीपुढे सुमतिभाईंची गाडी आडवी.

वॉचमनही तिथल्या प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेची गर्दी आवरायला गेलेला. माझ्या गुडघ्यांत जोर नाही.

"मी ढकलतो," विरलभाई म्हणाले.

त्या सकाळनंतर त्यांनी कधी गाडी ढकलायला हात लावला नव्हता. या वेळी त्यांनी पाठ लावली नाही. तळवे टेकवले, डोळे उघडे ठेवले. आणि ढकललं.

गाडी हलली नाही.

मी काचेतून आत पाहिलं. हँडब्रेक खाली. गिअर मोकळा. चारही चाकांखाली वाकून पाहिलं. वीट नाही, खडा नाही.

पुन्हा ढकललं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. गाडी तसूभरही सरकेना.

तेवढ्यात पंखा थांबला. वीज गेली असावी. इतकं शांत झालं की फाल्गुनीचा श्वास ऐकू येत होता.

आणि गाडीच्या पलीकडून...

धप्.

विरलभाईंनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"ती धरून उभी आहे," ते म्हणाले. "माझ्या हातून गाडी येऊ देत नाहीये, भाभी."

ते तिथेच खाली बसले. "नाही ढकलत, बेटा. पप्पा नाही ढकलत. बाजूला हो तू." इतका मोठा माणूस हुंदके देत होता.

फाल्गुनी भिंतीच्या आधाराने पुढे आली. गाडीमागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. किती वेळ, सांगता येत नाही. ती कशाचा निरोप घेतेय, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

मग तिने विरलभाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

"मिच्छामि दुक्कडम."

उपासाने आवाज दोऱ्याएवढा झाला होता. ते तिच्या पायांना मिठी मारून बसले.

तिने दुसरा हात गाडीला लावला. नुसता टेकवला.

गाडी निघाली.

हळूहळू... उताराकडे... आत कोणी नाही. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडी ऐन उतारावर थांबलेली होती. आपली आपण. भिंतीला न टेकता.

आम्ही कान देऊन उभ्या होतो. थाप नाही. हाक नाही.

फाल्गुनी माझ्याकडे वळली. "भाभी... 'बस' म्हणाली नाही ती."

विरलभाई चेन्नईला गेले नाहीत. आता दोघं एका ताटाशी बसतात. ती त्यांना स्वतःच्या तोंडाने विचारते, डाळ गरम करू का?

मी उपाश्रयातल्या साध्वी महाराजसाहेबांना सगळं सांगितलं. आमच्या धर्मात जीव वाट बघत थांबत नाही. देह सुटला की त्याच क्षणी पुढच्या जन्माला लागतो. "मग इतके दिवस तिथे कोण होतं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, नवकार गणा, बेन.

गणते. पण खाली गाडी मागे घेतल्याचा आवाज आला की माळ अडते. कशाचं भय वाटतं, तेच कळत नाही. आवाज येईल याचं, की येणार नाही याचं.

फाल्गुनी अजूनही दुपारी खाली जाते. त्याच पायरीवर बसते. गाड्या येतात, मागे होतात, लागतात. थाप येत नाही.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून मी तिला बोलवायला जाते.

"चल, बेटा. वेळ होईल."

ती वर बघत नाही.

"जरा थांबा ना, भाभी. अजून सुमतिभाईंची गाडी यायची आहे."