वाट सोडून चालणारा

दयानंदला रानातून शोधून आणायचं, एवढ्याच कामासाठी अमरेश औशाहून हिमायतनगरला आला होता. हरवलेल्या म्हशीमागे पैनगंगेकडच्या जंगलात शिरलेला दयानंद दोन दिवस परतला नव्हता. गावानं सगळ्या पायवाटा पालथ्या घातल्या. शेवटी त्याच्या बायकोनं, सिंधुनं, फोन केला. "दादा, त्यांच्यासंगं फौजेत तुम्ही होता. तुम्ही या."

अमरेश तोफखान्यातला, दयानंद पायदळातला. एरवी दोघांची गाठही पडली नसती. पण दोघं राष्ट्रीय रायफल्समध्ये एकत्र आले; ते दल उभंच तसं राहिलं होतं. नव्वद साली, दहशतवाद्यांशी लढण्यासाठी, सैन्यातल्या निरनिराळ्या पलटणींतली माणसं एकत्र आणून. दोन-अडीच वर्षं काश्मीरचे डोंगर पिंजायचे, गावं राखायची, दबा धरून बसायचं आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या पलटणीत परतायचं. अमरेश परतला, तेव्हा त्या डोंगरांतलं काही ठाऊक असलेला एकही माणूस तोफांजवळ नव्हता. निवृत्तीनंतर औशातही नव्हता. फोनवर दयानंद तेवढा होता, आणि तोही फार बोलत नसे.

सकाळीच तिघं निघाले. अमरेश, सिंधु आणि दयानंदचा धाकटा भाऊ भुजंग. सागाची ओली पानं खांद्यावर टपटपत होती. नाला फुगून लाल झाला होता. दोर धरून उतरताना भुजंगचा पाय सटकला! पाणी त्याला ओढू लागलं. अमरेशनं दोराला हिसडा दिला, सिंधुनं त्याची कॉलर पकडली. भुजंग खोकत काठावर आला.

पलीकडे झुडूप हललं. अस्वल! ते मागच्या पायांवर उभं राहिलं. अमरेशचा हात खांद्याकडे गेला. तिथं रायफल नव्हती.

"हलू नका," तो पुटपुटला.

अस्वलानं फुत्कार टाकला, हवा हुंगली आणि ते उताराला लागलं.

"वहिनी, माघारी जाऊ," भुजंग म्हणाला. "पुढच्या सगळ्या पायवाटा बघून झाल्यात."

"तो वाटेनं गेलाच नसंल," अमरेश म्हणाला. "तिकडं काश्मिरात पायवाटेत सुरुंग पुरलेले असायचे. आम्ही डोंगराच्या धारेधारेनं चालायचो."

ते धारेवर चढले. दुपार कलताना कड्याखालच्या कपारीत दयानंद दिसला. पाय मोडलेला, ओठ फुटलेले, पण डोळे उघडे!

सिंधु त्याला पाणी पाजू लागली. खालची पायवाट तिथून स्पष्ट दिसत होती. "गावची माणसं इथूनच गेली की! हाक का न्हाई मारली?"

"तोंडातून आवाजच निघंना," दयानंद म्हणाला. "दबा धरल्यावर जखमी माणसानं ओरडायचं नसतं."

"इथं दुश्मन कोण होतं? आम्हीच होतो ना!" सिंधुचा आवाज फाटला.

अमरेशनं मान फिरवली. पलीकडच्या टेकाडावर म्हैस निवांत चरत होती.

"आणू का?" भुजंगनं विचारलं.

"राहू दे," सिंधु म्हणाली. "ह्यांना उचला."

दोन बांबू आणि सिंधुच्या शालीची डोली झाली. धारेवर दम घ्यायला टेकले, तेव्हा अमरेशच्या फोनला रेंज आली. त्यानं औशाला बायकोला फोन लावला.

"सापडला, अंबिका."

"बरं झालं बाई! आन् तुम्ही? तुम्ही बरे हाव ना?"

इतकी वर्षं या प्रश्नाला तो 'हाव' म्हणून फोन ठेवत आला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "घरी आलो की सांगतो. समदं सांगतो."