वीस लिटर पाणी जास्त

झेरॉक्सचं मशीन अडकलं आणि बाईंचा पारा चढला. शाळेची घंटा व्हायला वीस मिनिटं उरलेली, हातात चाचणीचा कागद, आणि पुढे एक गृहस्थ चाळीस प्रती काढत निवांत उभे. निवांत म्हणजे किती? मशीनवाल्या काकांना अडकलेला कागद सोडवायला मदत करत होते, आणि वर हसत होते! सातवीची मुलं बाईंना पाठीमागे ‘तडतडी’ म्हणत, ते काही उगाच नाही.

“चाळीस प्रती काढायच्या तर माणसानं आदल्या दिवशी यावं,” बाई म्हणाल्या.

“अगदी खरं,” ते वळून म्हणाले. “तुम्ही काल आला होतात का?”

बाईंनी तणतणत त्या गृहस्थांचा खाली पडलेला कागद उचलला... आणि हात तिथेच थांबला. पाण्याची टाकी. तिला वाकडा नळ. अक्षर बाईंचं स्वतःचं, फक्त तळाचं नाव कुणीतरी सफाईनं कापलेलं.

“हे कुठून मिळालं तुम्हाला?”

“शिक्षकांच्या ऑनलाइन गटातून. मी पलीकडच्या शाळेत नवीन आलोय, गणिताला. कुणी बनवलं, गटात सारखं विचारतोय, कुणालाच ठाऊक नाही हो! पण हा चौथा प्रश्न बघा...”

गट! दोन रविवार खपून बाईंनी अपूर्णांकांचा हा कागद केला होता आणि चार हजार शिक्षकांच्या त्या गटात टाकला होता. उत्तरादाखल आले अकरा अंगठे आणि तीस ‘सुप्रभात’वाली गुलाबाची फुलं. इथे कुणी कुणाकडून काही शिकत नाही, असं ठरवून त्या तणतणत गटातून बाहेर पडल्या. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्यांनी कुणाला एक ओळही दिली नव्हती.

त्यांनी चौथा प्रश्न वाचला. टाकीत दोनशे चाळीस लिटर पाणी. सकाळी एक तृतीयांश वापरलं, दुपारी अर्धं, संध्याकाळी एक चतुर्थांश. किती उरलं? ऐंशी, एकशेवीस, साठ... बाईंचे कान तापले. दोनशे साठ! टाकीत होतं त्याहून वीस लिटर जास्त.

“मुद्दाम चूक ठेवलीय!” सर खुशीत आले होते. “मुलं तासभर भांडली. एक मुलगी म्हणाली, वीस लिटर शेजारून आणलं असेल. हिस्से मिळून अख्ख्यापेक्षा मोठे झाले की काहीतरी चुकलंय, हे मी तीन वर्षं घसा फोडून सांगत होतो. आता गटातले तीसेक जण हाच प्रश्न वापरतात. काय डोकं असेल त्या बाईचं!”

“बाई कशावरून?”

“अक्षरावरून,” सर म्हणाले आणि उगाचच लाजले.

बाईंनी चाचणीचा कागद पटकन उलटा केला. खरं सांगितलं असतं तर त्या डोळ्यांतलं कौतुक तिथेच मावळलं असतं. आणि ते कौतुक बाईंना हवं होतं. फार हवं होतं.

मग दर मंगळवारी गाठ पडू लागली. कोपऱ्यावरचा चहा सुरू झाला. सर फोनवर गटातलं काय काय दाखवत. कुणी वर्गाचं दार उघडझाप करून कोन शिकवले होते. बाईंनी नाक मुरडत ते करून पाहिलं, आणि मुलांना एका तासात कळलं, म्हणून त्या आणखी चिडल्या. सगळं छान चाललं होतं, पण बोलता बोलता ‘ती बाई’ मध्ये यायचीच. त्या बाईला हे आवडलं असतं, त्या बाईनं असं केलं असतं... सवत म्हणावी तर तीही आपणच! आणि बाई आपले कागद दर वेळी उलटेच धरत.

सातव्या मंगळवारी झेरॉक्सचं मशीन पुन्हा अडकलं आणि बाईंचा धीर सुटला.

“सापडली का तुमची ती हुशार बाई?”

“नाही.”

“सापडणारही नाही! कारण ती हुशार नाहीच. चूक मुद्दाम नव्हती. बेरीज न करताच प्रश्न लिहिला तिनं. आणि नळ वाकडा आहे, कारण मला सरळ नळ काढता येत नाही!” बाईंनी हातातला कागद सुलटा करून सरांपुढे ठेवला. “हे घ्या अक्षर. झालं समाधान?”

सरांनी वाकून ते अक्षर न्याहाळलं.

“गेला महिनाभर मी गटात विचारणं सोडलंय,” ते हळूच म्हणाले.

“का?”

“ती सापडली असती तर भेटायला जावं लागलं असतं... आणि मला तर मंगळवारी इथेच यायचं असतं.”

तडतडी बाईंनी सुलटा केलेला कागद उगाचच पुन्हा उलटा केला. काकांनी खाकरून सांगितलं, “मशीन कधीचं सुरू झालंय हो!”

शाळा सुटल्यावर बाई पुन्हा त्या गटात शिरल्या आणि दात आवळून लिहिलं: “टाकीचा प्रश्न माझा. चूक खरीच आहे, मुद्दाम केलेली नाही. त्या मुलीचं उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा चांगलं आहे. दाराचे कोन माझ्या वर्गातही जमले, आभार.”

लगेच फोन वाजला. सरांकडून, फक्त बाईंसाठी, दवबिंदूंसकट एक भलंमोठं गुलाबाचं फूल. खाली ‘सुप्रभात’.

“संध्याकाळचे पाच वाजलेत!” बाईंनी चरफडत लिहिलं.

“ठाऊक आहे. सकाळपर्यंत थांबवेना.”

बाईंनी कपाळावर हात मारला. मग शिक्षकखोलीत कुणी नाही ना, हे नीट पाहून घेतलं आणि ते फूल फोनमध्ये जपून ठेवलं.