सिद्रामने दम रोखला तेव्हा

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि मी स्वतः तिथे उभा होतो. अंधारात भास झाला असेल, असं कुणी म्हणू नये म्हणून आधीच सांगतो.

साल १९७५. मार्गशीर्ष महिना. सोलापुरात नवी पेठेच्या मागे एक भंगाराचं दुकान होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. म्हणून माझा मेहुणा सिद्राम मला सोबत घेऊन आला होता. त्याला पाणबुड्याची जुनी हवेची टाकी घ्यायची होती. ती घेण्याजोगी आहे का, हे मी सांगायचं होतं.

सिद्राम मैंदर्गीचा. कुणी विहिरीत बुडालं की त्यालाच बोलावणं यायचं. छातीत दम भरून तो तळाला जायचा... आणि माणूस घेऊनच वर यायचा.

या वेळी तो रिकाम्या हाताने वर आला होता.

आदल्या दिवशी गावातल्या निंगव्वाची मुलगी महादेवी विहिरीवर पाणी शेंदताना पाय घसरून पडली. बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर फार खोल नेलेली. महादेवी तळाच्या कपारीत अडकली. सिद्रामच्या हाताला तिची वेणीसुद्धा लागली होती... पण दम पुरला नाही. ती तळाशीच राहिली, म्हणून ही टाकी.

सगळं गाव काठावर होतं. निंगव्वाने फक्त त्याचा सदरा उचलून त्याच्या हातात दिला.

तेव्हापासून सिद्रामने मान वर केली नव्हती.

“टाकी कोन बांदनार, तू का हे मास्तर?” दुकानाची मालकीण मायाक्का म्हणाली. “मास्तरांना नगं रं बाबा. हिरीच्या तळाला फळा न्हाय.”

मी हसलो. सिद्राम हसला नाही.

“कुनाची हाय टाकी?” त्याने विचारलं.

“कुण्या ठेकेदाराच्या मालात आली. भंगाराला कोन नाव-गाव इचारतं व्हय?”

मी टाकी तपासायला घेतली. पोलाद धड असलं की घंटेसारखं वाजतं. मी पान्याने ठोकलं.

ठण्ण...

छान. मग आडवी करून हलवली. आत गंज सुटला असेल तर खुळखुळतो. काही आवाज नाही.

मग वरची झडप जराशी उघडली. आतली हवा शिळी असली की वासावरून कळते.

फुस्स...

वास आला. शेवाळाचा. आणि ओल्या शेवंतीचा.

सिद्रामचा चेहरा पांढरा पडला. “दाजी... तिच्या येनीत शेवंती हुती.”

टाकीचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला.

टाकीत हवा दाबून भरलेली असते. ती फक्त बाहेर येते. मुलांना असलं काही दाखवायचं तर मी कागदाचा कपटा समोर धरतो. तसाच धरला.

कपटा फडफडला.

थांबला.

मग आत ओढला गेला... आणि झडपेला चिकटून बसला.

“बंद करा ते, मास्तर!” मायाक्का ओरडली.

मी झडप गच्च आवळली.

आवाज बंद झाला नाही. आत कुणीतरी संथपणे श्वास घेत होतं.

“सिद्राम, ही टाकी नको.”

“अन् पुन्यांदा रिकाम्या हातानं जाऊ? त्या माउलीम्होरं कसा हुबा ऱ्हाऊ?”

तो गुडघ्यावर बसला. टाकीला कान लावला. मग विहिरीच्या काठावर करायचा तसंच केलं. छाती भरून घेतली आणि दम रोखला.

आतला श्वासही थांबला.

सिद्रामच्या कपाळाच्या शिरा फुगल्या. डोळ्यांत पाणी आलं. तरी तो हटेना. शेवटी छाती फुटल्यासारखा खोकत तो जमिनीवर कोसळला.

आत... अजूनही शांत.

“म्याच आदी सोडला, दाजी,” तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी टाकी पुन्हा ठोकली. आता ती मातीच्या भिंतीसारखी वाजली. थद्द.

आम्ही ती घेतली नाही.

एसटीने मैंदर्गीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. विहिरीवर सगळं गाव जमलेलं. काठावर घोंगडीखाली महादेवीचा देह होता. निंगव्वा तिच्या उशाशी बसलेली.

पण बाकी कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. सगळे वाकून विहिरीत बघत होते.

पोलीस पाटील नागनाथने मान वळवली आणि दचकला.

“सिद्राम! तू कवा वर आलास?”

“म्हंजी?”

“दुपारी छातीत दम भरून उडी मारलीस की. पोरीला आमच्या हातात दिलीस, अन् परत खाली गेलास. तवापासनं वाट बगतोय तुजी.”

“मी तर सोलापुरात हुतो...”

कुणी ऐकलं नाही. बुडालेलं माणूस वर काढणाऱ्याला तिथे टॉवेल आणि नारळ देतात. नागनाथने त्याच्या गळ्यात टॉवेल घातला. निंगव्वा उठली आणि त्याच्या पाया पडायला वाकली.

“नगं, आई... म्या न्हाई काडली. म्या न्हाई!”

लोकांना वाटलं, पोरगा मोठेपणा नको म्हणतोय. सिद्राम त्या टॉवेलात तोंड लपवून हमसून हमसून रडत राहिला.

महादेवीला उचलून नेलं. मागोमाग सगळे निघाले. सिद्राम वर आला होता ना.

मग जो खाली गेला होता...

त्याच्यासाठी काठावर कुणीच थांबलं नाही. आम्हीसुद्धा नाही.