तिसऱ्यांदा मेलेला म्हातारा

वाचनालयात त्या कादंबरीची प्रत एकच, आणि ती मागायला दोघं एकदमच काउंटरवर हजर! ग्रंथपालकाकांना भांडणं सोडवायचा मनस्वी कंटाळा. "एका टेबलावर बसा, पुस्तक मध्ये ठेवा आणि माझं डोकं खाऊ नका," असं म्हणून ते चहाला निघून गेले.

झालं. दोन डोकी एका पानावर वाकली... आणि आपण इतके जवळ आलोय हे जणू लक्षातच आलं नाही, असं दोघंही दाखवत राहिले. कादंबरीत वाट चुकलेल्या शहरी तरुणाला जंगलातला ज्ञानी म्हातारा जगण्याचं मर्म सांगतो, नदीपर्यंत आणून सोडतो आणि शांतपणे प्राण सोडतो. तिचे डोळे भरून आले. हा मात्र चक्क हसला.

"माणूस मेलाय आणि तुम्ही हसताय?"

"हा म्हातारा तिसऱ्यांदा मरतोय हो. मागच्या दोन कादंबऱ्यांतही मीच पोहोचवून आलोय त्याला."

खरं तर तिने चिडायला हवं होतं. पण तिच्याशी कुणी असं थट्टेने बोललं त्याला किती दिवस झाले होते! आदिवासींवरच्या कादंबऱ्यांमधले हे अध्यात्माची वाट दाखवणारे गुरू—बाहेरच्या लेखकांनी कसे रंगवले, त्या समाजातल्या लेखकांनी कसे—यांची तुलना करायला ती या शहरात आली होती. तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली, खोलीत एकच खुर्ची. संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवलीस?" "जेवले." मग सकाळपर्यंत चिडीचूप. शेजारच्या घरातला हशा भिंतीतून आला की तीही हळूच हसून घ्यायची. कुणाला सांगू नका.

तो डोंगरातल्या अशाच एका समाजातला. आपल्या लोकांच्या गोष्टींचा अनुवाद करायला आलेला. त्याच्या उंचीमुळे कॅन्टीनवाले त्याला 'डोंगर' म्हणायचे.

"तुमच्याकडे आहे का हो कुणी असा गुरू?" तिने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"माझी आत्या. तिनेच वाढवलं मला. स्वप्न पडलं, नवरा रुसला, देव रुसला... सगळे तिच्याकडे येतात."

"म्हणजे अगदी धीरगंभीर असणार!"

"छे! घोरते. पत्त्यांत लबाडी करते. आणि पकडली गेली की देवाची शपथ घेते."

"हे कुठल्याच पुस्तकात नाही!"

"कसं असेल? लिहिणारे मुक्कामाला राहिलेच नाहीत."

ती खळखळून हसली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. त्या आठवड्यातच 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि आधी कोण म्हणालं यावरही गोड भांडण झालं.

रविवारी वाचनालय बंद. तो दिवस तिला खायला उठायचा. मग ती बसून प्रश्न काढायची—स्वप्नांचे, आत्म्यांचे, नदीचे. प्रश्न असले की सोमवारी त्याच्यासमोर बसायला निमित्त असायचं. त्याच्याबद्दल मात्र काही विचारायला जीभ रेटायची नाही. त्याला अवघडल्यासारखं झालं आणि उद्यापासून तो दुसऱ्या टेबलावर बसला तर? या शहरात बोलायला तिला दुसरं होतं तरी कोण!

असे महिने गेले. एका भुरभुर पावसाच्या दुपारी तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण हाती आलं. ती उत्साहाने सांगू लागली, "सापडलं! बाहेरच्यांच्या कादंबऱ्यांत सगळे गुरूला वाट विचारतात. तुझं कसं चाललंय, असं एकही जण विचारत नाही! आणि तुमच्या लेखकांच्या कादंबऱ्यांत लोक आधी गुरूच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करतात... हाच फरक!"

"छान मांडलंयस." तो खिडकीबाहेर बघत होता. "माझं काम संपलं. शुक्रवारी मी गावी जातोय. कायमचा."

तिने वही मिटली. "आणि हे तू आज सांगतोयस?"

"तू विचारलंस कधी?"

ती वहीचा कोपरा दुमडत म्हणाली, "आत्याला आनंद झाला असेल..."

तो खिडकीकडून तिच्याकडे वळला.

"आत्या गेली. गेल्या महिन्यात. पावसाने रस्ता खचला होता, मला पोहोचताच आलं नाही. ज्या सकाळी कळलं ना... त्या दिवशी तू मला विचारत होतीस, मेलेली माणसं स्वप्नात आली तर तुमच्यात काय समजतात."

"आणि तू... उत्तर दिलंस!"

"दिलं. तुझ्यासमोर बसायला मला दुसरं निमित्त नव्हतं."

तिला रडू आवरेना. तिने पेन बाजूला सारलं आणि टेबलावरचा त्याचा हात धरला. इतके महिने तो हात तिथेच होता, वीतभर अंतरावर.

"मला तू हवा आहेस," ती म्हणाली. "तुझी उत्तरं गेली खड्ड्यात. बोल, तुला कशाची भीती वाटते?"

एरवी ज्याच्याकडे सगळ्याचं उत्तर तयार, तो 'डोंगर' चाचपडू लागला.

"घराला कुलूप आहे गं. शेजाऱ्यांनी लावलंय. गावापर्यंतची वाट मला डोळे मिटूनही सापडते... पण ते कुलूप एकट्याने उघडायचा धीर होत नाही."

"मी उघडते," ती म्हणाली. "तू फक्त शेजारी उभा राहा."