एका घराचे हात

नोटेचा उजवा कोपरा तांबूस झाला होता. वृषाली दाबकेने ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. काल संध्याकाळी तो कोपरा केळीच्या कोवळ्या पानासारखा होता. आज तिथे सुकलेल्या सुपारीचा रंग होता, आणि तो कडेकडून आत सरकत होता. तिने दुसरी नोट काढली, मग तिसरी. चौदाच्या चौदा नोटांची तीच गत होती.

"वहिनी, आपलं काहीतरी चुकलंय," ती म्हणाली.

वीणावहिनी डब्यातल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होती. तिने मान वळवून पाहिलं. "बुरशी लागली असेल. इथे माझ्या चपलांनाही लागलीय."

"ही बुरशी नाही. नोटा मरतायत."

ओलोवाई म्हणजे पॅसिफिक महासागरातली अकरा बेटं, आणि सगळी मिळून एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी वस्ती. वादळ झालं की उपग्रहाशी जुळलेला धागा तुटायचा आणि आठवडा आठवडा जुळायचा नाही, त्यामुळे कार्ड, फोन, मनगटावरची पैशाची पट्टी यांतलं काहीही इथे चालत नसे. चालायची ती रोकड. पण पूर्वी पाहुणे रंगीत नोटा आठवण म्हणून घरी घेऊन जायचे, गावकरी त्या पेटीत घालून ठेवायचे, आणि एवढ्याशा देशाला नव्या नोटा परदेशातून छापून आणणं परवडत नसे. शेवटी इथल्याच कॉलेजातल्या एका जीवशास्त्राच्या बाईंनी नारळाच्या काथ्यापासून नोट बनवली आणि तिच्यावर झोपलेल्या यीस्टचा पातळ थर दिला. प्रत्येक माणसाच्या तळहातावर सूक्ष्मजीवांची एक वस्ती असते, आणि ती ज्याची त्याची असते. नोटेला अनोळखी वस्ती भेटली की यीस्ट जागं होतं आणि हिरवा रंग तयार करतं. आठ दिवसांत नवा हात भेटला नाही, की नोट तांबूस होऊ लागते. तशी नोट कोणी घेत नाही. पैसा फिरता ठेवायची ही युक्ती होती. वृषालीने तिला मनातल्या मनात 'स्पर्शनोट' असं नावही देऊन टाकलं होतं.

पाहुण्यांना रोकड एका भेटीत एकदाच मिळे. दोघींनी आल्या दिवशीच ती काढली. राहण्याजेवण्याचे पैसे आधीच भरलेले होते, त्यामुळे चौदा नोटा लागणार होत्या फक्त रेका बेटावर जाणाऱ्या नावेला. नाव पंधरा दिवसांतून एकदाच सुटायची, आणि नावाडी पैसे निघतानाच घ्यायचा. तोवर नोटा जिवंत राहाव्यात म्हणून दोघींनी एक रिवाजच पाडला होता. रोज सकाळी चहा झाला की वृषालीने चौदा नोटा वहिनीला द्यायच्या आणि वहिनीने त्या वृषालीला परत करायच्या.

"धर वहिनी, घरखर्चाला."

"घ्या वन्सं, तुमचा पगार."

लग्नात वहिनीने थट्टेने 'वन्सं' म्हटलं होतं आणि 'अहो-जाहो' केलं होतं. ते चिकटलं ते पस्तीस वर्षं सुटलं नाही. वृषाली मात्र तिला पहिल्यापासून 'अगं' म्हणत आली होती.

आज मंगळवार होता. नाव दहाला सुटणार होती. शुक्रवारी परतीचं विमान, आणि विमानतळावर पाय ठेवला की फोन लागणार. तिथे वहिनीच्या मुलाला, ओजसला, उत्तर द्यायचं होतं.

धक्क्यावर नावाड्याने नोटा उलटसुलट करून पाहिल्या आणि परत दिल्या. तावी नावाचा तो आडमाप माणूस ओशाळल्यासारखा झाला. "या झोपल्यात, ताई. मी घेतल्या तर माझ्याकडून डिझेलवाला घेणार नाही. बँकेत लेसीना बसते, तिला विचारा. मी थांबतो, पण साडेदहाच्या पुढे नाही."

बँक म्हणजे टपाल कचेरीच्या मागची एक खोली होती. लेसीना चाळिशीची, केसात पांढरं फूल खोवलेली बाई. तिने नोटा पाहिल्या, मग दोघींकडे पाहिलं, आणि टेबलाच्या खणातून एक पारदर्शक फीत काढली. "हात ठेवा. दोघीही, शेजारी शेजारी."

फितीवर दोन तळव्यांचे ठसे हळूहळू उमटले. दोन्ही फिक्या जांभळ्या रंगाचे. एक थोडा मोठा होता, एवढाच फरक.

"तुम्ही नोटा एकमेकींना देत होतात ना?" लेसीना हसली. "त्याचा उपयोग नाही. नोटेच्या लेखी तुम्ही एकच माणूस आहात. बहिणी का?"

"नाही," वृषाली म्हणाली. "ती माझ्या भावाची बायको. रक्ताचं नातं नाही."

"रक्ताचा इथे संबंध नाही. एका घरात राहणाऱ्यांचे हात सारखे होतात. त्याच कड्या, तीच भांडी, तोच टॉवेल. किती वर्षं एकत्र आहात?"

"चौदा," वहिनी म्हणाली आणि वृषालीला कोपराने ढोसलं. "ऐकलंत ना? म्हणजे आता मी खाल्लं की तुमचं पोट भरणार."

वृषाली हसली नाही. सूक्ष्मजीवांचं हे तिने कुठेतरी वाचलेलं होतं, नोटांचा नियमही कळला होता, आणि तरी आठ दिवस दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी बसून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कारण सरळ होतं. भाऊ, सुधांशू, गेल्यावर वहिनी ओजसच्या बारावीपुरती म्हणून रत्नागिरीला वृषालीच्या घरी आली आणि राहिली. पण हे एक घर आहे, असं दोघींपैकी कोणी कधी म्हटलं नव्हतं.

"आणि वेगळ्या राहिलो तर?" तिने विचारलं. "हात पुन्हा वेगळे व्हायला किती दिवस लागतात?"

लेसीनाने फीत पुसायला घेतली. "सहा महिने. कधी त्याच्याही आत. माझा नवरा मासेमारीच्या जहाजावर असतो. परत आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातून घेतलेली नोट माझ्या हातात हिरवी होते. दुकानात सगळे म्हणतात, चांगलं झालं, पैसा जगला. मला ती नोट बघवत नाही. आठ-दहा दिवसांनी होईनाशी झाली, की मग मला बरं वाटतं."

वहिनीने टेबलावरच्या नोटा गोळा केल्या.

"आता आमच्या नोटांचं काय?" वहिनीने विचारलं.

"निम्म्याहून जास्त तांबूस झालेल्या नाहीत, त्या उठतील. धक्क्यावर जा. लोकांना सांगा, जरा धरा म्हणून. एका हातात मिनिटभर पुरे."

"अनोळखी माणसांच्या हातात पैसे द्यायचे? आणि परत मागायचे?"

"मागावे लागणार नाहीत," लेसीना म्हणाली.

धक्क्यावर नावेची वाट पाहणारी वीसएक माणसं होती. अळकुड्यांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, एक पाद्री, एक बांधलेलं डुक्कर आणि त्याचा मालक. वृषालीने पहिली नोट पाद्रीबाबांपुढे केली आणि काय बोलावं हे न सुचून नुसतीच उभी राहिली. त्याला सांगावं लागलं नाही. त्याने नोट दोन्ही तळव्यांत धरली, डोळे मिटले, मग शेजारणीला दिली. वहिनीने तोवर उरलेल्या तेरा वाटून टाकल्या होत्या, आणि आता ती पदर कमरेला खोचून एकेकीच्या मागे फिरत होती.

"वन्सं, ती निळ्या झग्यातली बघा, तिने खिशात घातली. मी सांगते, ती काही देत नाही आता."

निळ्या झग्यातल्या बाईने नोट खिशातून काढून गालाला लावली, तुमची नावं काय म्हणून विचारलं, आपली नातवंडं किती ते सांगितलं, आणि मगच नोट परत केली. सव्वादहाला चौदा नोटा वृषालीच्या हातात होत्या. एकीला मासळीचा वास येत होता. कोपऱ्यांवर हिरवा रंग पाझरायला लागला होता. तावीने त्या मोजल्याही नाहीत.

रेका हे बेट म्हणजे पाऊण मैल लांबीची वाळूची पट्टी, चाळीस माड, आणि लाकडाच्या एका खांबावर कोरलेल्या खुणा. त्या खांबासाठी वृषाली इतक्या लांब आली होती. बंदर खात्यात एकतीस वर्षं तिने भरती-ओहोटीची कोष्टकं केली होती, आणि या जागेचे आकडे प्रथम पाहिले तेव्हा कोणीतरी चुकलंय असंच तिला वाटलं होतं.

"म्हणजे अष्टमी असो की पौर्णिमा, भरती दुपारी बारालाच?" वहिनीने नावेतून उतरताना पुन्हा विचारलं. ती वेंगुर्ल्याची. पाणी रोज पाऊण तास उशिरा चढतं, हे ती लहानपणी पाढ्यांआधी शिकली होती.

"रोज. मध्यान्हाला आणि मध्यरात्री. चंद्राची भरती समुद्रात चाकासारखी फिरते ना, त्या चाकाचा आस इथे जवळच आहे. आसापाशी चाक हलत नाही. मग उरते ती सूर्याची, आणि ती ठरलेल्या वेळी येते."

"शहाणी आहे," वहिनी म्हणाली आणि माडाच्या सावलीत पाय पसरून बसली.

अकरा पन्नासला पाणी पाचव्या खुणेखाली होतं. वृषालीने वही उघडली. वहिनीने पर्समधून पाकीट काढलं, उघडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं. आत पर्थहून आलेला अर्ज होता. ओजसला मुलगी झाली होती. आई कायमची आली तर हवी होती, आणि अर्ज या महिन्यात भरायचा होता. आठ महिने वहिनी विचारत होती, "काय करू, वन्सं?" आणि आठ महिने वृषाली म्हणत होती, "तुझं तू ठरव."

वहिनीवर आपला हक्क कुठला? असा तिचा हिशेब होता. तिकडे मुलगा, नात, चांगली इस्पितळं. इकडे एक निवृत्त नणंद आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दोन्ही बाजू मांडून झाल्या की ती गप्प बसे. आपण काहीच बोललो नाही तर वहिनीला मोकळेपणाने जाता येईल, असं तिला वाटे. आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की त्या गप्प बसण्याकडे वहिनीने कसं पाहिलं असेल? कोणी राहा म्हणत नाही, असं तर नव्हे?

पाणी पाचव्या खुणेला लागलं. घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती. खांबाभोवतीची वाळू आवाज न करता ओली झाली, पाणी तिथेच किंचित हललं, आणि थांबलं. वृषालीने वेळ लिहिली. एकतीस वर्षांचे आकडे बरोबर होते.

"झालं?" वहिनीने विचारलं. "एवढीशीच?"

"एवढीशीच."

"पर्थला कशी असते हो भरती?"

"थोडीच. दिवसातून बहुतेक एकदाच येते."

"एकदाच," वहिनी म्हणाली. पाकिटाची कड ती नखाने घासत होती. "सवय होईल म्हणा. सगळ्याची होते. त्या बाईने सांगितलं ना, सहा महिन्यांत."

वृषालीने वही मिटली.

"वहिनी."

"काय?"

"तो अर्ज भरू नकोस. नातीला बघायला दरवर्षी जाऊ, दोघी जाऊ. पण राहायला नाही." तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, पण ती थांबली नाही. "शुक्रवारी ओजसला फोन लागला, की सांग त्याला. म्हणावं, वन्सं सोडत नाहीत."