सीलला हाक मारायची नसते

"सीलला हाक मारायची नसते," मागून आवाज आला, तेव्हा ताइमीने हाक मारायला तोंड उघडलेलंच होतं.

त्या दोघांच्या चिंचोळ्या होडीत, कयाकमध्ये, ती बसली होती ती खरं तर दुसरीच्या जागी. हॉस्पिटलातल्या मैत्रिणीला ऐनवेळी सर्दी झाली, आणि जागा फुकट जाऊ नये म्हणून ही नर्सबाई रविवारची झोप मोडून पेलिकन पॉइंटच्या किनाऱ्यावर आली. इतकी वर्षं वॉल्व्हिस बेच्या बंदरगावात काढून सील पाहिला तो लांबूनच. आज धुकं असं दाट, की पाठीमागे बसलेला गाइड तिला नुसत्या आवाजाने कळत होता. सेथ त्याचं नाव.

"मग करायचं काय?"

"गप्प बसायचं. वल्हं सैल धरायचं. पाठीमागे लागलं की ते पळतात. मन झालं की आपण होऊन येतात."

"आणि नाही झालं मन तर?"

"तर... पुढच्या रविवारी यायचं."

तेवढ्यात पाण्यातून एक मिशाळ तोंड वर आलं, तिचं वल्हं दातात धरून ओढू लागलं. ताइमी किनाऱ्याला लागेपर्यंत हसत होती. धुकं विरलं तेव्हा तिने वळून पाहिलं. माणूस आवाजापेक्षाही बरा निघाला.

ती पुढच्या रविवारी आली. त्याच्या पुढच्याही. मैत्रिणीची सर्दी केव्हाच बरी झाली होती. दर वेळी तिच्या सीटवर कागदाची एक पुडी असायची, आत नारा या वाळवंटी फळाच्या भाजलेल्या बिया. सेथची आई नदीकाठच्या गावाहून त्या पाठवायची.

"ही कुणी ठेवली?" ती विचारायची.

"सीलने ठेवली असेल," तो समुद्राकडे बघत म्हणायचा.

पुडी त्याने कधी हातात दिली नाही. ताइमीला तो आवडला होता, चांगला झोप उडण्याइतका. आणि हा बाबा सीलइतकंच अंतर तिच्यापासूनही राखून होता.

मग एका रविवारी परतताना ती म्हणाली, "माझी रुंदूला बदली होतेय. पार उत्तरेला. उद्या हो की नाही ते कळवायचंय."

सेथ कयाक वाळूवर ओढत होता.

"हॉस्पिटल चांगलं आहे म्हणतात तिथलं," तो म्हणाला.

वल्हं त्याच्या डोक्यात घालावं असं तिला वाटलं. पण तिचे डोळेच भरून आले, म्हणून ती वाळूवर पहुडलेल्या सीलच्या घोळक्याकडे बघत राहिली. आणि तिला दिसलं... एका पिल्लाच्या गळ्यात मासेमारीची दोरी रुतली होती.

"सेथ, ते बघ."

त्याने कयाक सोडली, तिच्यातलं लांब दांड्याचं जाळं उचललं आणि तो सुसाट पळाला. आजूबाजूचे सील धडाधड पाण्यात पडले. तो घसरून आपटला, उठला, पुन्हा पळाला. जाळ्यात धरलेल्या पिल्लाची दोरी त्याने हलक्या हाताने कापली. पिल्लाने उपकार म्हणून त्याच्या बुटाला कडकडून चावा घेतला आणि समुद्रात उडी मारली.

तो धापा टाकत परत आला, अंगभर वाळू.

"पाठीमागे लागायचं नाही म्हणायचास ना?"

"ते धडधाकट सीलच्या. याला आज जाऊ दिलं असतं, तर पुन्हा दिसला नसता."

"हो का?" ताइमी म्हणाली. "मग मीही पुढच्या रविवारी दिसायची नाही, सेथ."

एवढं बोलून ती गाडीकडे निघाली. मुद्दामच सावकाश चालत. गाडी जवळ आली, मागे नुसता वारा. तिने दाराला हात घातला, आणि वाळूत धपधप पावलं वाजली.

"थांब. जाऊ नकोस रुंदूला. म्हणजे... नोकरी तुझी, मर्जी तुझी. पण मला तू हवी आहेस. पहिल्याच रविवारी कळलं होतं मला."

"पहिल्याच? मग इतके दिवस काय करत होतास?"

"वाट बघत होतो." तो खाली बघत म्हणाला. "म्हटलं, मन झालं की येशील... आपण होऊन."

"अरे वेड्या, दर रविवारी मी आपण होऊनच येत होते की."

सेथने मान वर केली. मग त्याने खिशातून बियांची पुडी काढली, आणि या वेळी सरळ तिच्या हातात ठेवली. आपला हात मात्र त्याने मागे घेतला नाही.

"उद्या रुंदूला नाही म्हणून कळवते," ताइमी म्हणाली.