स्नेअरवरचा हातमोजा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर हसून सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या मनाचं नाही.

मी नदीम. चाकणजवळ महाळुंग्याला, बंद पडलेल्या एका प्रेस शॉपच्या, म्हणजे मशिनने पत्रा दाबून पार्ट बनवायच्या कारखान्याच्या, गाळ्यात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. आजूबाजूला सतत मशिनांची धडधड. म्हणून ड्रम घ्यायचे ते गुरुवारी, सगळ्या कंपन्यांना सुट्टी असते तेव्हा.

गेल्या दिवाळीनंतरचा गुरुवार. भर दुपार, लख्ख ऊन.

ड्रमवर माझा दोस्त जयसिंग. मूळचा लातूरकडचा, कंपनीत शिफ्ट करून ड्रम वाजवणारा. पुण्याच्या एका बँडला त्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. त्यांनी घेतलं की नोकरी सोडणार, हे पठ्ठ्याने घरी सांगूनही टाकलं होतं.

पण स्नेअर, म्हणजे दोन गुडघ्यांमधला मुख्य ड्रम, काही केल्या ऐकेना. प्रत्येक फटक्यामागून टणणण...

घुमणं थांबावं म्हणून टेप लावली. वर नॅपकिन टाकला. छे!

भिंतीवर खिळ्याला जुन्या कुणा कामगाराचा हातमोजा लटकत होता. एकच. उजव्या हाताचा.

त्यावर हळद-कुंकू.

"हे कशाला रे?" मी विचारलं.

"दसऱ्याला कंपनीत सगळ्यालाच लावतेत भावा. टेबलफॅनलासुद्धा!" जयसिंग हसला. त्याने मोज्यात चिंध्या कोंबल्या आणि स्नेअरच्या कडेला ठेवला.

थप.

काय आवाज आला राव! अगदी हवा तसा. एका दमात अख्खं गाणं रेकॉर्ड झालं.

जयसिंग दाराशी पाणी प्यायला गेला. मी हेडफोनवर नुसतं स्नेअरच्या माइकचं रेकॉर्डिंग लावून ऐकू लागलो.

दोन फटक्यांच्या मधे काहीतरी होतं...

खसखस. ड्रमवरून कुणी बोटं फिरवावीत तशी.

मी मान वर केली. मोजा कडेला नव्हता... मधोमध होता. बोटं पसरलेली.

"तू सरकवलास?"

"मी कशाला सरकवू?"

माझ्या अंगावर काटा आला. मोजा उचलून मी परत खिळ्याला अडकवला. "आता मोकळा वाजव एकदा."

डाव्या हाताची काठी... टणणण.

उजव्या हाताची... थप.

पुन्हा डावी. टणणण. पुन्हा उजवी...

या वेळी थपसुद्धा नाही.

"जोरात मार ना!"

"मारायलोच की रे!" जयसिंगचा आवाज चिरकला. काठी फेकून त्याने उजव्या मुठीने शटरवर दणका दिला. शटर हललेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आवाज आला नाही.

रेकॉर्डिंग आम्ही पाठवलं. बँडने लगेच बोलावलं. जयसिंग गेलाच नाही. जाऊन वाजवणार काय? डॉक्टर म्हणतात, हात ठणठणीत आहे. तो पुन्हा शिफ्टला जातो. खरं सांगतो, त्याच्याकडे बघून भीती वाटते.

परवा लाइट गेल्यामुळे आमच्या घरची बेल बंद होती. माझी बायको उझ्मा खिडकीतून बघून म्हणाली, "अहो, उघडा ना. जयसिंगभाऊ केव्हाचे दार वाजवतायत."

मी दाराशीच बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो.

दार उघडलं. उजव्या हाताची मूठ अजून वरच होती.

"आज तरी ऐकू आलं का रे?" त्याने विचारलं.

मला हो म्हणायचं होतं.